एका नळीचा चहा

थँक्यू म्हणून माणसाला घालवून देता येतं, माहितीये तुला? आमच्या इंग्लंडातल्या मिल्टन कीन्सच्या ऑफिसात परवा तेच झालं.

आमचा पाब्लो अर्जेंटिनाचा. आजोबा इटलीचे, आजी सीरियाची, आईचं घराणं वेल्समधून तिकडे गेलेलं. मी एकदा विचारलं, "मग तू नेमका कोण?" त्यानं त्यांचा तो कडू चहा पुढे केला. भांडं एक, नळी एक, थर्मासमधून गरम पाणी ओतत राहायचं आणि सगळ्यांनी आळीपाळीनं ओढायचं.

"आम्ही कुठून कुठून आलेले, पण एकमेकांचं उष्टं पितो. झाला अर्जेंटिनियन! फक्त थँक्यू म्हणू नकोस. म्हटलंस तर पुढच्या फेरीत तुला धरत नाहीत."

मग कंपनीनं त्याला रिडंडंट केलं, म्हणजे नोकरीवरून कमी केलं. परवा, शेवटच्या दिवशी, त्यानं किचनमध्ये सगळ्यांना चहा दिला. मॅनेजर घोटभर पिऊन म्हणाला, "थँक्यू, पाब्लो." एचआरची बाई म्हणाली, "थँक्यू सो मच." एकेक जण थँक्यू म्हणत आपापल्या डेस्कवर गेला. दर थँक्यूला पाब्लोचा चेहरा आणखी उतरायचा.

शेवटी मी उरलो. चहा ओढला आणि एक शब्द न बोलता भांडं परत त्याच्यापुढे धरलं.

त्यानं थर्मास उलटा करून दाखवला. "पाणी संपलं रे."