मॅटर ऑफ

बोदवड स्टेशनात दोन शेतकरी गाडीची वाट पाहत बसले होते.

"रुपचंदभाऊ, पोरीसाठी पाहिलेला मॅट्रिक पोऱ्या कसा शे?"

"बठ्ठं, अगदी सगळंच इंग्रजीत बोलतो, नाना. हुंडा नको, म्हणे ‘मॅटर ऑफ प्रिन्सिपल’."

"वा!"

"सायकल मात्र पाहिजे. ती ‘मॅटर ऑफ प्रेस्टिज’."

"आणि नोकरी?"

"‘मॅटर ऑफ टाइम’."

"तोवर शेत बघत असेल ना?"

"शेत ‘मॅटर ऑफ मदर’. म्हातारी भर दुपारी एकटी कापूस वेचत होती."

"तिथं जेवलात का मग?"

"जेवलो असतो तर सोयरीक पक्की झाली असती. उपाशीच उठलो."

"त्यानं कारण विचारलं असेल!"

"विचारलं. म्हटलं, आमच्या पोरीला इंग्रजी येत नाही. तिला कापूसच वेचावा लागेल."