गाडीची मिशी

गाडीवर खर्च करायच्या आधी अकोल्याच्या चाचांले एकदा दाखवा, एवढंच सांगतो. म्हातारा मिस्त्री हाय, पण असा माणूस मी दुसरा पाह्यला नाई.

माझी गाडी ओव्हरटेकच्या वेळी दम सोडून राहिली होती. मोबाईलवर पाहून मी ठरवून टाकलं, इंजिनाले जास्त हवा देणारी मोठी थ्रॉटल बॉडी, नवे इंजेक्टर अन् तगडा फ्युएल पंप बसवायचा. ड्युटी संपल्याबरोबर बाळापूरवरून थेट चाचांकडे गेलो.

त्यांनी सगळी यादी ऐकली. गाडीकडे ढुंकूनही पाह्यलं नाई, माझ्या तोंडाकडेच पाहून राहिले.

"कापसाच्या जिनिंगमधी कामाले हात का?"

"हो. काहून?"

"गाडी कुठं लावता?"

"जिनिंगच्या शेडले लागून. सावली असते तिथं."

चाचा उठले, बोनट उघडलं अन् एअर फिल्टर काढून माझ्या हातात देल्ला. त्याच्यावर रुईची अशी गादी बसली होती, का आतला कागदच दिसत नव्हता. नवा फिल्टर टाकून आमी एक चक्कर मारली, तं गाडी अशी पळाली का मीच घाबरून पाय मागं घेतला.

"अन् थ्रॉटल बॉडी?"

"हाय तेच पुरते. पहिले तिले हवा तं घेऊ द्या."

मी हात जोडले. "पण चाचा, बोनट उघडायच्या आधीच तुमाले समजलं कसं?"

"तुमच्या मिशीत रुई अडकली हाय," चाचा म्हणाले. "तुमी घरी जाऊन मिशी धुता. गाडीची मिशी कोण धुते?"