सगळं नॉर्मल आहे म्हणे

सकाळी साडेअकराला, तुम्हाला सांगते, माझ्या हातून स्टीलचं ताट पडलं, आणि असं पडलं की सासूबाई पलंगावर उठून बसल्या, शेजारीण खिडकीतून "काय गं, काय फोडलंस?" करून गेली, आणि आमची नऊ महिन्यांची छकुली, तिथेच माझ्याकडे पाठ करून बसलेली, आपली निवांत मोजा चोखतेय... मान म्हणून वळवली नाही. म्हटलं, सासूबाई, हिला ऐकू येत नाही की काय? तर म्हणतात, "तिचा बापही अस्साच. हाका मारून घसा बसायचा माझा. नॉर्मल आहे." हाक मारून तो येत नाही हे मलाही ठाऊक आहे हो, पण नॉर्मल म्हणजे आहे तरी काय?

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. मोबाइलमधून डोकं न काढता, "असतं गं, नॉर्मल आहे." म्हटलं, काय नॉर्मल आहे? मी काय बोलले? तर म्हणे, "गॅस संपलाय ना?"

मला या शब्दाचा पहिल्यापासून संशय. बाळंतपणात मी किंचाळून दवाखाना डोक्यावर घेतला, तर नर्सबाई बाहेर सांगते, नॉर्मल झाली. दुकानात पाणी मागा, थंड देऊ की नॉर्मल, म्हणजे कोमट. शिंपी म्हणतो गळा नॉर्मल ठेवतो, आणि तो ब्लाउज घालून चार माणसांत वाकायची सोय नाही. कोमट पाणी, माझ्या कळा आणि माझी पोर, सगळं एकाच शब्दात? मला विचाराल तर, ज्याला वळून बघायचं नसतं तो नॉर्मल म्हणतो.

मग मी छकुलीच्या पाठीमागे टाळ्या काय, चमचे काय, डबे काय... शेवटी सासूबाई म्हणाल्या, "पोर नॉर्मल आहे, बिघडलीयस तू." बरं म्हटलं, पोर कडेवर घेतली आणि दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी कानात उजेड टाकून पाहिलं, मशीन लावून पाहिलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघतेय, येतो की काय तो शब्द. तर म्हणाल्या, "पडद्यामागे पाणी साठलंय, दोन्ही कानांत. कमी ऐकू येतंय हिला. वेळेवर आणलंत." बसल्या जागी रडू फुटलं मला. त्यांनी पाठीवरून हात फिरवला, म्हणाल्या, "अहो, बरं होतं हे. लहान मुलांत अगदी नॉर्मल आहे."

घ्या.

खेपा घालून घालून आता ऐकू येतंय तिला, कुकरच्या शिट्टीला भोकाड पसरते. पण तेवढं एक करा, ओळखीत कुणाकडे तान्हं असेल तर त्याच्या आईला हे सांगा. ऐकून ती म्हणेल, ही बाई काही नॉर्मल दिसत नाही. म्हणू दे. पण पोराला दाखवून येऊ दे.