श्रीधरची उत्तरं काका देतात

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा, आज एकच प्रश्न घेऊ! आपण माणसाला 'कसा आहेस' असं विचारतो, ते कशासाठी? त्याचं उत्तर ऐकायला, की आपलं सांगायला?

ऐका! फलटणला एक श्रीधर कुलथे. वय सव्वीस. आठ महिने त्याचं कशात मन लागेना. जेवण नको, झोप नाही, आणि जिना चढला की छातीत धडधड! सांगितलं तर आई घाबरेल, म्हणून गप्प. एकदा तो जिन्यात छाती धरून बसलेला दिसला, तेव्हा आईनं मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. आबाकाका म्हणाले, छाती म्हातारपणी दुखते, याचं लग्न करा! — पेटीवाले, हसू नका, तुमचंही असंच जमवलं होतं!

झालं! काका त्याला घेऊन मुलगी बघायला गेले. मुलगी तेजल, दवाखान्यात नर्स. तिनं श्रीधरला विचारलं, झोप लागते का? काका म्हणाले, घोरतो! भूक? काका म्हणाले, दगड पचवतो! आनंद कशात वाटतो? काका म्हणाले, तसली सवय नाही, घराणं साधं आहे!

पोह्यांची बशी घेताना श्रीधरला दरदरून घाम फुटला. तेजलनं त्याचं मनगट धरलं. नाडी मोजायला हो! काकांना वाटलं, पसंती आली! उठले, साखर वाटली. इकडे नाडी एकशे तीस, आणि काका मांडववाल्याचा नंबर मागतायत!

तेजल म्हणाली, "काका, आता तुम्ही एक शब्द बोलू नका." मग श्रीधरकडे वळली. "तुम्ही सांगा."

पोरगा रडायलाच लागला. म्हणाला, "सकाळी उठावंसंच वाटत नाही हो."

तिनं त्याला डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, मन फार दिवस खचलं की हृदयावरही भार येतो, तरुणपणीसुद्धा. उपचार दोन्हींवर हवेत. उपचार झाले. आता श्रीधर जिना चढतो, जेवतो, भांडतोसुद्धा. लग्न? तेजलनं नकार दिला. म्हणाली, मुलगा चालेल, काका झेपणार नाहीत!

तेव्हा मंडळी, घरी जा आणि पोराला विचारा. 'बरा आहेस ना' असं नको, त्यात उत्तर तुम्हीच दिलंत! 'कसं वाटतंय' एवढंच विचारा, आणि तो बोलेपर्यंत गप्प बसा. सोपं वाटतं? मला आठ महिने जमलं नाही. हो, तो आबाकाका मीच.