तात्यांच्या पाठीवरची पूररेषा

पुराच्या पाण्याला मी कधी भ्यालो नाही, पण तात्यांच्या घरी, पुढच्या सोप्यात मला दरदरून घाम फुटला होता, गड्या. नव्वदच्या दशकातली गोष्ट. पूररेषेच्या मोजणीसाठी आम्ही सांगलीजवळ कृष्णाकाठी होतो. जुन्या पुराचं पाणी जिथवर चढलं होतं, तिथं घरोघरी भिंतीवर तांबडी रेघ ओढायची. तात्यांच्या सोप्यातल्या भिंतीवर रेघ ओढून होते न होते, तोच दारात जीप थांबली. तात्या पांढरेफटक पडले.

"सायब, आमच्या पोरासाठी पोरीकडचं पावणं घर बघाय आलं! पुसा ती रेघ!"

"तात्या, ऑइल पेंट आहे. पुसला तर आणखी पसरेल."

पावणे आत आले, तसे तात्या रेघेला पाठ लावून उभे राहिले. चहा आला तरी हलेनात.

"बसा की," पोरीचे वडील म्हणाले.

"न्हाई, कंबर धरलीया."

तेवढ्यात काठी टेकत पोरीचे आजोबा आत आले. तात्या सवयीनं पुढं झाले आणि पाया पडायला वाकले. पांढऱ्या सदऱ्यावर या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत तांबडी रेघ!

आजोबांनी सदरा बघितला, भिंत बघितली.

"लपवताय कशाला? आमच्या पाटणकडं ही रेघ तुळईला हाय. पोरगी दोन हात वर आली की!"

सगळे हसले. लग्न ठरलं. निघताना आजोबांनी मला हळूच बाजूला घेतलं.

"सायब, खरं सांगा. पानी ह्येच्या वर न्हाई न्हवं जायाचं? नात देतोय आमी."