काकांच्या हातातला ब्रश

तो जगप्रसिद्ध व्हिडिओ गेम-दिग्दर्शक थोर की उगाच डोक्यावर चढवलेला, यावरून आपण एवढे भांडतो ना, त्याचा निकाल गणपती घडवणाऱ्या हमरापुरात लागलाय.

मी रोह्याहून त्याचा नवा गेम घेऊन तिथल्या माझ्या मित्राकडे, नीलेशकडे गेलो होतो. त्याचे वडील, दत्ताकाका, गणपतीचे डोळे आखत होते. आखणी झाली की काकी त्यांच्या हातातला ब्रश काढूनच घेते. मागे एकदा काकांनी उंदरापर्यंत एवढी नक्षी चढवली की गिऱ्हाईक मूर्ती न घेताच गेलं.

त्या दिवशीही ब्रश गेला, तसे काका रिकाम्या हातांनी आमच्या मागे येऊन बसले.

अर्धा तास पडद्यावरची माणसं नुसती बोलत होती, रडत होती. मी गेमचा रिमोट धरून बसलेलो.

"तू खेळणार कवा?" काकांनी विचारलं.

"गोष्ट संपली की."

"एवढी गोष्ट सांगतोय कोण?"

"फार मोठा माणूस आहे, काका. लिहितो तोच, करतो तोच. त्याला कोणी 'बस' म्हणत नाही."

"कोणीच नाय?"

"कोणीच नाही."

काकांनी स्वयंपाकघराकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "नशीब काढलंन रे!"

आतून काकी ओरडली, "व्हय! म्हणून तर ते पोर अर्धा तास नुसतं बसून हाय!"