तेजूची गोळी

(बिदर जिल्ह्यातल्या मेहकर गावची अंगणवाडी. दुपार. दानेश्वरी अंगणवाडीच्या बाई; मल्लेशला ती 'तम्मा', म्हणजे धाकटा भाऊ, म्हणते. तेजश्रीचा मोठा भाऊ मल्लेश दारातच उभा.)

मल्लेश : "जंताची गोळी कधी दिली होती?" डॉक्टर सारखं इचारायलाय, अक्का! तुमचा फोन लागंना म्हणून पळत आलोय. सांगा की!

दानेश्वरी : हळू बोल, पोरं झोपलीत. तेजश्री कुठंय?

मल्लेश : भालकीच्या दवाखान्यात. पोट नगाऱ्यावानी झालंय. तीन दिस परसाकडं न्हाई. सकाळी ओकली तर जंत पडले. जित्ते! आई तिच्यापाशी हाय.

दानेश्वरी : अय्यो शिवा...

मल्लेश : आतडं बंद झालंय म्हणं. बिदरला न्यायलेत, पोट फाडावं लागंल. चार वर्साची हाय ती! तुमी गोळी दिलीच न्हाई, वहीत नुसती टिक मारली.

दानेश्वरी : वर्षातल्या दोन्ही बारीला दिली. तोंडात टाकलेली बघितली मी.

मल्लेश : घशाखाली गेलेली बघितली का? आन् ते घमेलं बघा! तीस पोरं एकाच पाण्यात हात बुचकळतेत, त्याच हातानं खिचडी. म्या शाळा सोडली, डोळे न्हाई सोडले.

दानेश्वरी : आठ महिने नळाला पाणी नाही, तम्मा. एक हंडा डोक्यावर आणते. त्यात तीस पोरं कशी धुवू? चुकतंय, कळतंय मला. पण गोळी दिली. तेजू तोंड गच्च मिटून घरी पळाली. कामून पळायलीस म्हटलं, तर बोलेना.

मल्लेश : (तळहात सदऱ्याला पुसतो.)

दानेश्वरी : काय रे?

मल्लेश : काय न्हाई.

दानेश्वरी : तम्मा.

मल्लेश : शाळेत ती गोळी खाल्ली न् दुसऱ्या दिशी मला जंत पडले. वाटलं, गोळीनंच झाले. तिला म्हणलं, गिळू नको, गालात धर, माझ्याकडं आणून थुक. दोन्ही बारीला आणली. वली गोळी, माझ्या हातावर. म्या तिला चॉकलेट दिलं. आन् आता तुमच्यावर ढकलायलोय.

दानेश्वरी : (वही उघडून तेजूच्या नावापुढच्या दोन्ही टिका खोडते.)

मल्लेश : शिव्या द्या की! टिका कामून खोडायल्या?

दानेश्वरी : चावून घेतल्याबिगर मी सोडायला नको होतं. जा, डॉक्टरला खरं सांग. एकबी गोळी पोटात गेली नाही म्हण.

मल्लेश : आई डॉक्टरपाशीच बसलीय, अक्का.

दानेश्वरी : मी येऊ?

मल्लेश : ह्या पोरांला कोण बघंल? जातो, सांगतो. बिदरची गाडी निघंल. माझ्याबिगर ती गाडीत चढत न्हाई.